सतरा वर्षांच्या पोरात बावीस वर्षांचा खेळाडू कसा शोधायचा: एएफएल ड्राफ्टआधीची पारख

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये श्रीमंत क्लबाला हवं ते पोर पैसे टाकून उचलता येत नाही. १९८६पासून नव्या खेळाडूंची वाटणी ड्राफ्टने होते. मोसमात तळाला राहिलेला क्लब सगळ्यात आधी निवड करतो आणि विजेता सगळ्यात शेवटी. दर नोव्हेंबरात एएफएलचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे, अठरा क्लब अशा मुलांची नावं पुकारतात, ज्यांतली बरीचशी नुकतीच बारावीच्या परीक्षेतून सुटलेली असतात. त्यामुळे क्लबाचं पुढचं दशक सावरणार की बिघडणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या पारखी माणसांच्या नजरेवर ठरतं.

ही नजर कमावता येते. त्यासाठी क्लबाची नोकरी लागत नाही. एक मोसम, एक वही आणि थंडीपावसात मैदानाच्या कडेला उभं राहण्याची तयारी असली की पुरे. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. आज सगळ्यात चांगला कोण खेळतोय, हा तुमचा प्रश्न नाही. हा पोरगा बावीस-तेविसाव्या वर्षी दाढीमिशा आलेल्या, दहा वर्षं व्यायामशाळेत घासलेल्या गड्यांसमोर काय करेल, हा तुमचा प्रश्न आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यासाठीच आहेत.

खेळाची तोंडओळख नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: मैदान लंबगोल, प्रत्येक बाजूने अठरा खेळाडू, वीस मिनिटांची चार सत्रं आणि वर वाया गेलेला वेळ. चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा, हाताने फेकायचा नाही. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या आखूड खांबांमधून गेला तर एक. किमान पंधरा मीटर आलेली किक कोणाचाही स्पर्श न होता हवेत झेलली तर तो ‘मार्क’, मग त्या खेळाडूला कोणी हात लावू शकत नाही.

आधी यादी: कोण पात्र, आणि कोण आधीच बांधलेला

ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. म्हणजे २०२६च्या ड्राफ्टसाठी २००८ची पिढी. वहीत प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहा, त्याचं कारण पुढे येईलच. वयाने मोठे खेळाडूही नाव देऊ शकतात. टॉम स्ट्युअर्टला जिलाँगने २०१६मध्ये चाळिसाव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि राज्य पातळीवर खेळत होता. पुढे तो देशातल्या उत्तम बचावपटूंमध्ये गणला गेला.

मग पाहायचं, कोणावर कोणाचा आधीच हक्क आहे. ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबासाठी शंभर किंवा जास्त सामने खेळलेत, त्याच्यावर त्या क्लबाचा पहिला हक्क असतो. निक डेकॉस २०२१मध्ये असाच कॉलिंगवुडला मिळाला, क्रमांक चार. पीटर डेकॉसचा मुलगा दुसरीकडे जाईल असं कुणाला वाटलंही नव्हतं. सिडनी, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी), ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट या उत्तरेकडच्या चार क्लबांच्या स्वतःच्या अकादम्या आहेत, आणि तिथे घडलेल्या मुलांवर त्यांचा असाच हक्क. दुसऱ्या क्लबाने अशा मुलाचं नाव पुकारलं की हक्कदार क्लब आपल्या निवडींचे गुण (ड्राफ्टमधल्या प्रत्येक निवडीला ठरवलेली किंमत) देऊन ती बोली जुळवतो. त्यात सूट मिळते. ती पूर्वी वीस टक्के होती, २०२५मध्ये दहावर आणली.

मराठी घरांनी लक्ष द्यावं अशी तिसरी वाट म्हणजे नेक्स्ट जनरेशन अकादमी. आदिवासी आणि बहुसांस्कृतिक पार्श्वभूमीच्या मुलांसाठी ती आहे, आणि आई किंवा वडील आशियात जन्मलेले असतील तर मूल तिच्यात बसू शकतं. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक, ट्रुगनिना भागात भारतीय कुटुंबं दाटीने राहतात, आणि त्यांतली बरीच मुलं लहानग्यांच्या ऑसकिक वर्गांमध्ये हा खेळ शिकतात. पोरगा बारा-तेराव्या वर्षी खरोखर चमकत असेल, तर आपल्या भागाची अकादमी कोणत्या क्लबाकडे आहे याची चौकशी तेव्हाच करावी. सतराव्या वर्षी ती करायची म्हणजे वरातीमागून घोडं.

कुठे पाहायचं

व्हिक्टोरियात टॅलेंट लीग, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा. तिचे बारा प्रादेशिक संघ आहेत: शहरात ओकली चार्जर्स, सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, वेस्टर्न जेट्स, काल्डर कॅनन्स वगैरे, गावाकडे बेंडिगो पायोनियर्स, गिप्सलँड पॉवर, मरे बुशरेंजर्स वगैरे. दक्षिण ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल या राज्य लीगची अठरा वर्षांखालची स्पर्धा, पश्चिम ऑस्ट्रेलियात डब्ल्यूएएफएल या राज्य लीगचे ‘कोल्ट्स’, म्हणजे कनिष्ठ संघ. मोसमाच्या मध्यात अठरा वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिच्यात व्हिक मेट्रो (व्हिक्टोरियाचा शहरी संघ), व्हिक कंट्री (गावाकडचा), दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि उरलेल्या राज्यांचा मिळून ‘अलाइज’ असे पाच संघ असतात. बरीच वर्षं अलाइजला कोणी मोजत नव्हतं, पण २०२३मध्ये त्यांनी स्पर्धा जिंकली. उत्तरेकडच्या अकादम्यांची मेहनत कुठवर आली, हे त्या एका निकालाने दाखवलं.

सगळं पाहायला जाऊ नका. दोन-तीन संघ धरा आणि तेच पुन्हा पुन्हा पाहा. एका मुलाला एकदाच पाहून केलेली नोंद नसल्यासारखी. किमान तीनदा पाहा, त्यात एकदा ओल्या मैदानावर आणि एकदा संघ हरत असताना. मेलबर्नचे चांगले खेळाडू बऱ्याचदा शनिवारी खासगी शाळेकडून खेळतात, म्हणून टॅलेंट लीगच्या यादीत नाव दिसलं नाही की दुखापत समजू नका, शाळेचं वेळापत्रक बघा. मॅट रोवेल आणि नोआ अँडरसन दोघेही कॅरी ग्रामर शाळेचे आणि दोघेही ओकली चार्जर्सचे. २०१९मध्ये ओकलीने विजेतेपद मिळवलं आणि ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्टने दोघांना पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर उचललं. पुढे २०२५मध्ये रोवेलने ब्राउनलो पदक जिंकलं. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हा खेळातला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान.

आणखी एक खूण. पोरगा मोठ्या माणसांच्या सामन्यात खेळलाय का? जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१मध्ये साउथ ॲडलेडच्या वरिष्ठ संघातून खेळत होता, तोही ड्राफ्टच्याच वर्षी. समोर ऐंशी-नव्वद किलोचा प्रौढ गडी असताना चेंडूखाली उभं राहणारा सतरा वर्षांचा मुलगा तुमच्या बऱ्याच शंका एका दुपारीत फेडतो. हॉर्न-फ्रान्सिस त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेला.

मैदानावर: नजर कुठे ठेवायची

सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचा. सरावात कोणी अडवायला नसतं, म्हणून किकचा खरा घाट तिथेच दिसतो. पायाकडे नंतर बघा, आधी हात बघा. किक बिघडते ती बहुतेक वेळा हातातून चेंडू सोडताना. चांगला किकर चेंडू एका हाताने, खालून, सरळ पायावर नेऊन सोडतो, आणि चेंडू हवेत फार कमी अंतर पडतो. छातीच्या उंचीवरून सोडणाऱ्याचा चेंडू वाऱ्यात हलतो, आणि सामन्यात धक्का बसला की हमखास वाकडा जातो. ही सवय सतराव्या वर्षानंतर बदलते, पण फार कष्टाने. मी स्वतः या एका दोषाला बाकी तीन दोषांइतकं वजन देतो. क्लबातले प्रशिक्षक एवढे कडक नसतात.

दुसरा पाय वापरतो का तेही बघा. सॅम मिचेलला २०००च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. पुढच्या वर्षी हॉथॉर्नने छत्तिसाव्या क्रमांकावर घेतला. वेगासाठी तो कधीच प्रसिद्ध नव्हता, पण दोन्ही पायांनी इतकं सारखं खेळायचा की अडवणाऱ्याला कोणत्या बाजूने जावं तेच कळायचं नाही. तो चार वेळा विजेत्या संघात होता आणि २०१२चं ब्राउनलो पदकही त्याच्याकडे आलं.

सामना सुरू झाला की पहिलं सत्र मधल्या बाजूने, उंचावरून बघा, म्हणजे खेळाचा अंदाज येतो. दुसऱ्या सत्रात गोलामागे जा. तिथून अख्खं मैदान लांबीने उघडं दिसतं: कोण मोकळ्या जागेकडे पळतो, कोण चेंडू पलीकडे असताना चालत राहतो, कोण पुढच्या दोन किकांचा अंदाज घेऊन आधीच निघालेला असतो. बाजूच्या रेषेवरून हे दिसत नाही, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यातून तर अजिबातच नाही.

तिसऱ्या सत्रात एकच खेळाडू धरा आणि चेंडू कुठेही असो, नजर त्याच्यावरून हलवू नका. हे जड जातं, डोळे आपोआप चेंडूकडे धावतात. पण पारख इथेच होते. जाणता माणूस कबड्डी बघताना चढाई करणाऱ्याइतकंच कोपऱ्यातल्या गड्याचं पाऊल बघतो, तसंच इथे करायचं. एखादा मोठा मिडफिल्डर सामन्यात तीस वेळा चेंडू हाताळतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूशिवाय असतो, आणि बावीसाव्या वर्षीचा खेळाडू त्या वेळात दिसतो.

त्या सत्रात वहीत एवढंच टिपा:

- चेंडू विरोधकाकडे गेल्यावर पहिली तीन पावलं कोणत्या दिशेने पडली.
- चूक झाल्यावर काय केलं. हात वर करून सहकाऱ्याकडे बघितलं, की परत फिरून टॅकल केलं, म्हणजे चेंडूवाल्याला धरून अडवलं.
- जमिनीवर पडल्यावर उठायला किती वेळ लागला. दुसरा प्रयत्न, तिसरा प्रयत्न.
- गर्दीत चेंडू हातात येण्याआधी मान फिरवून आजूबाजूला पाहिलं का.

शेवटचं कलम माझं सगळ्यात आवडतं. आधी पाहून ठेवणारा मुलगा चेंडू मिळताच मोकळा होतो. न पाहणारा आधी चेंडू घेतो, मग बघतो, आणि तेवढ्यात त्याच्यावर दोघं कोसळलेले असतात. कनिष्ठ स्पर्धेत अंगात ताकद असलेला मुलगा त्या दोघांना झटकून निघून जातो आणि टाळ्या घेतो. एएफएलमध्ये ते दोघं झटकले जात नाहीत, आणि पंच चेंडू धरून ठेवल्याचा दंड देतो. म्हणून ज्याचा सगळा डाव अंगबळावर उभा आहे, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाका, त्याने त्या दिवशी पाच गोल केले असले तरी.

शरीर आणि काळ

आता जन्ममहिना. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच ड्राफ्टमध्ये असतात, पण त्यांच्यात जवळजवळ एक वर्षाचं अंतर असतं. सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खांदे, मांड्या, आवाज, सगळंच. दोघं सारखेच खेळत असतील तर माझ्या यादीत डिसेंबरवाला वर असतो. घरातल्यांची उंची, थोरला भाऊ कसा झाला, पोरगा गेल्या वर्षभरात किती वाढला, हे मैदानाच्या कडेला सहज कळतं. नॅट फाइफची उंची उशिरा वाढली. फ्रीमँटलने त्याला २००९मध्ये विसाव्या क्रमांकावर घेतलं, आणि त्याने ब्राउनलो पदक दोनदा मिळवलं.

रकमन म्हणजे चेंडू वर उडवल्यावर त्याच्यासाठी उडी मारणारे सगळ्यात उंच खेळाडू. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण त्यांनी कायम खोटी पाडली आहे. मॅक्स गॉन, दोन मीटरहून उंच, २००९मध्ये चौतिसाव्या क्रमांकावर मेलबर्नला मिळाला आणि त्याचं नाव खऱ्या अर्थाने गाजायला पुढे सहा-सात वर्षं गेली. म्हणून रकमन पाहताना आजचे आकडे सोडून द्या. पाय हलके पडतात का, चेंडू खाली पडल्यावर वाकून उचलतो का, एवढं पाहा आणि पुढे चला.

उंच आक्रमक मुलांची पारख सगळ्यात अवघड. त्यांच्याकडे चेंडू येतो तो दुसऱ्यांच्या किकवर, त्यामुळे संघ वाईट तर त्यांचा खेळही वाईट दिसतो. मी गोल मोजत नाही. चेंडू यायच्या आधीचं धावणं मोजतो: किती वेळा बचावपटूपासून सुटून जागा केली, आणि चेंडू आला नाही तरी पुन्हा धावला का. आरन कॅडमनसारखा मुलगा एका मोसमात इतका वर येतो की २०२२मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर जातो. अशी झेप मोसमाच्या सुरुवातीच्या यादीत दिसत नाही, म्हणून यादी दर महिन्याला नव्याने लिहा, जुनी मात्र फाडू नका.

बुटक्या मिडफिल्डरबद्दल मात्र घाई करू नका. लॅकी नील १७७ सेंटिमीटरचा. त्याला २०११मध्ये अठ्ठावनाव्या क्रमांकापर्यंत कोणी हात लावला नाही. आज त्याच्याकडेही दोन ब्राउनलो पदकं आहेत.

आकडे

किती वेळा चेंडू मिळाला हा आकडा पेपरात सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. बचावात मोकळा उभा राहून दहा वेळा आजूबाजूला दिलेला चेंडूही त्यात मोजला जातो. त्याऐवजी झटापटीत जिंकलेले चेंडू, गर्दीतून बाहेर काढलेले चेंडू, समोरच्या गोलापासून पन्नास मीटरच्या आत पोहोचवलेले चेंडू आणि टॅकल बघा. आणि प्रत्येक आकड्याला विचारा, समोर कोण होतं? तळाच्या संघाविरुद्धच्या पस्तीस स्पर्शांपेक्षा राष्ट्रीय स्पर्धेतले अठरा मला जास्त सांगतात.

कंबाइन

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेलबर्नला राष्ट्रीय कंबाइन भरतो, आणि क्लबांनी सुचवलेल्या मुलांना तिथे बोलावतात. वीस मीटर धाव, उभ्याने आणि धावत येऊन मारलेली उडी, वळणावळणाची धाव, दोन किलोमीटरची शर्यत, किकच्या कसोट्या. वीस मीटरला तीन सेकंदांच्या आसपास आला तर ठीक, २.९च्या खाली आला तर खरा वेगवान. दोन किलोमीटरला सहा मिनिटांच्या जवळ गेला तर त्याचं इंजिन उत्तम.

हे आकडे वहीतल्या नोंदींशी ताडून बघायचे, त्यांच्या जागी बसवायचे नाहीत. मैदानावर वेगवान वाटणारा मुलगा धावेत मंद निघाला, तर बहुधा तो खेळ लवकर ओळखत होता, आणि ही त्याची जमेची बाजू. उलटं निघालं, म्हणजे धाव जोरात पण सामन्यात नेहमी उशीर, तर सावध व्हा. २०२०मध्ये कोरोनामुळे व्हिक्टोरियात टॅलेंट लीगचा मोसमच झाला नाही, आणि क्लबांना तिथल्या मुलांबद्दल आदल्या वर्षीच्या चित्रफितींवर बरंच विसंबावं लागलं. तेव्हा जुन्या नीट ठेवलेल्या नोंदींची किंमत कळली.

स्वभाव, दुखापत आणि मर्यादा

क्लबांचे लोक मुलाच्या घरी जातात, शिक्षकांना भेटतात, डॉक्टरांचे अहवाल वाचतात. तुम्हाला यातलं काही करायचं नाही. ही अल्पवयीन मुलं आहेत. त्यांना समाजमाध्यमांवर गाठू नका, पालकांना सामन्यानंतर घेरू नका, मैदानावर चित्रीकरण करायचं तर आधी संघाच्या व्यवस्थापकाला विचारा. स्वभावाबद्दल जेवढं मैदानावर दिसतं तेवढंच लिहा: बदली म्हणून बाहेर बसल्यावर कसा बसतो, प्रशिक्षक रागावल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय करतो.

दुखापतीची बातमी आली की नाव खाली ढकलायचा मोह होतो. ख्रिस जडच्या खांद्यांबद्दल २००१मध्ये शंका होत्या, म्हणून काहींना धाकधूक वाटत होती. वेस्ट कोस्टने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि त्याने २००४ आणि २०१०मध्ये ब्राउनलो मिळवलं. स्नायू आणि हाडांच्या एकेका दुखापतीपेक्षा, तीच जागा पुन्हा पुन्हा दुखावते का, हे महत्त्वाचं.

शेवटची यादी

एक ते पन्नास असे क्रमांक लावत बसू नका. सहाव्या आणि नवव्या मुलातला फरक खरं तर तुम्हाला सांगता येत नसतो. थर पाडा: निर्विवाद, बहुधा टिकतील, वेळ लागेल, एका गुणावर जुगार. प्रत्येक थरात सहा-आठ नावं, आणि प्रत्येक नावापुढे एकच वाक्य: बावीसाव्या वर्षी हा कोणत्या जागेवर खेळेल, आणि का. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर तुम्ही त्याला नीट पाहिलेलंच नाही.

हे झाल्यावरच पत्रकारांचे फँटम ड्राफ्ट, म्हणजे कोण कोणाला घेईल याचे अंदाज, वाचा, आधी नाही. त्यात क्लबांची गरज, ऑक्टोबरातल्या अदलाबदली, कोणाची बोली कोण जुळवणार, असा बराच व्यवहार मिसळलेला असतो. तो जाणून घ्या, पण आपली यादी त्यासाठी पुसू नका. २००१ची यादी एकदा डोळ्यांखालून घाला: पहिले तीन ल्यूक हॉज, ल्यूक बॉल, ख्रिस जड. त्याच ड्राफ्टमधून आठव्यावर जिमी बार्टेल, छत्तिसाव्यावर मिचेल, वडिलांच्या हक्काने चाळिसाव्यावर धाकटा गॅरी ॲब्लेट आणि अठ्ठावनाव्यावर डेन स्वान. जडसकट पाच ब्राउनलोविजेते, आणि त्यांतले तिघे पहिल्या तिसांतले नव्हेत. जिलाँगचा पारखी स्टीफन वेल्स याने १९९९मध्ये जोएल कोरीला आठव्यावर घेतल्यानंतर पॉल चॅपमनला एकतिसाव्यावर, कॅमरन लिंगला अडतिसाव्यावर आणि कोरी एनराइटला सत्तेचाळिसाव्यावर वेचलं. चौघेही २००७च्या त्या संघात होते, ज्याने जिलाँगचा ४४ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला.

ड्राफ्टच्या रात्री तुमच्या यादीतली काही नावं पुकारलीच जाणार नाहीत. ती वेगळ्या पानावर उतरवा. पाठोपाठ उरलेल्यांसाठी रूकी (नवख्यांचा) ड्राफ्ट होतो, आणि २०१९पासून मोसमाच्या मध्यातही एक ड्राफ्ट असतो. पहिल्याच वर्षी रिचमंडने त्यातून मार्लियन पिकेटला घेतलं, आणि त्याने एएफएलमधला पहिला सामना त्याच सप्टेंबरात थेट ग्रँड फायनलमध्ये खेळला. म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या पानावरची पोरं राज्य स्पर्धांमध्ये कशी खेळतात, ते दोन-तीनदा जाऊन बघा.